आधी वारूळ बघ, मग नदी

पोरा, काठी दुकानातली असो की दारच्या बांबूची, मासा लागतो तो वेळ साधणाऱ्याला. आणि ती वेळ नदीपेक्षा किडे जास्त नेमकी सांगतात. माझ्या आज्याने मला एवढंच सांगितलं होतं: आधी वारूळ बघ, मग नदीवर जा. सूर्या नदीच्या काठी कासाकडे म्हण, नाहीतर तलासरीच्या वरोळीवर म्हण, हे आजही तितकंच खरं आहे.

थंड मुलखातले लोकही हेच करतात. तिकडे ट्राउट नावाचा मासा असतो. इंग्रजांनी तो काश्मिरात नेला आणि लिद्दर नदीत आजही आहे. त्यांच्या नद्यांच्या तळाशी मेफ्लाय नावाचा किडा वर्ष-दोन वर्षं वाढतो आणि मे-जूनमध्ये हजारोंनी पंख घेऊन वर येतो. पंख आल्यावर तो काही खातच नाही, एक-दोन दिवसांत वीण करून मरतो. त्या थोड्या दिवसांसाठी तिकडचे गरीवाले वर्षभर डोळे लावून बसतात आणि पिसं-दोऱ्याचा हुबेहूब तसाच किडा बांधून गळाला लावतात. आपल्या उन्हाळ्याच्या पाण्यात ट्राउट जगायचा नाही. पण जो किडा त्या घटकेला पाण्यावर पडतोय तोच माशाला हवा असतो, हे इथेही तसंच आहे.

फरक एक आहे. गरम मुलखात पाणकिडे एकदम उठत नाहीत, थोडे थोडे वर्षभर निघत राहतात. तारीख पाळणारा आपल्याकडे एकच, पंखाची उधई. म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

रोहिणी लागतात 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला. या दोन नक्षत्रांत वळवाच्या सरी येतात, पण प्रत्येक सरीला उधई उडत नाही. वरची धूळ बसवून गेलेला पाऊस तिला पुरत नाही. पाणी जमिनीत मुरावं लागतं, हवा दमट आणि पडलेली असावी लागते. असा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी वारुळाकडे जा. आतल्या कामकरी उधईने वारुळाच्या अंगावर ओल्या मातीच्या नव्या फटी केलेल्या दिसतील आणि फटींच्या तोंडाशी मोठ्या डोक्याचे राखणदार उभे असतील. हे दिसलं की समज, बहुधा आज तिन्हीसांजेला उडणार. वारुळाला हात लावू नकोस, काठीने उकरू तर मुळीच नकोस. उकरलेल्या वारुळातून उधई वेळेवर निघत नाही. शिवाय पहिल्या पावसात बेडूक, सरडे आणि त्यांच्या मागावरची जनावरं तिथंच जमतात. फुरसं पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून तिन्हीसांजेला विजेरी हातात धरूनच जा.

वारूळ लांब असेल तर आभाळ बघ. कोतवाल आणि वेडे राघू एकाच झाडावरून पुन्हा पुन्हा झेप घेऊन तिथेच परत येऊ लागले, पाकोळ्या एका जागेवर गरगरायला लागल्या, कावळेही हवेत तोंड मारू लागले, की उधई उठली. काही वारुळं पहाटे-सकाळी उडतात, तेव्हाही पाखरंच सांगतात. हे उडणं फार वेळ चालत नाही. उडणारी उधई थोडं अंतर जाते, पंख टाकते, जोडी जमवते आणि जमिनीत शिरते. जी पाण्यावर पडते ती माशाची. म्हणून वारूळ बघून मग घरी काठी आणायला जाशील तर उशीर होईल. काठी दुपारीच तयार ठेव.

नदीवर पोचलास की लगेच पाण्यात काही टाकू नकोस. आधी उभा राहा आणि बघ. खळखळाट संपून पाणी जिथे गप्प होतं तिथे फेसाची एक रेघ धरते. वरून वाहत आलेलं सगळं त्या रेघेत गोळा होतं, मेलेले किडे, पंख, फुलांच्या पाकळ्या. मासे त्या रेघेखालीच रांग धरतात. पाण्यावर बारीक, संथ वलय उठलं तर मासा पडून राहिलेला किडा ओढून घेतोय. फटकन शिंतोडे उडाले तर तो पळत्या किड्यामागे आहे. पाणी फुगल्यासारखं झालं पण तोंड दिसलं नाही, तर तो पृष्ठभागाच्या खाली खातोय आणि तुझं वर तरंगणारं आमिष त्या घटकेला फुकट. वलयं बघूनच वर ठेवायचं की खाली ते ठरव.

उधईच्या वेळेला शिसं काढून टाक. गळ लहान, तंगूस बारीक. एक-दोन उधया पंखांसकट ओव, म्हणजे त्या तरंगतील. वाहत्या पाण्याच्या वेगानेच त्यांना जाऊ दे, तंगूस ताणू नकोस. ओढलेला किडा मासा ओळखतो, दांडवनसारखा वरच्या थरातला बारका मासा तर लगेच वळतो. पुलाजवळ दिवे असतील तर एक लक्षात ठेव: पंखाची उधई दिव्याकडे धावते. दिव्याखाली ढीग पडतो आणि नदी रिकामी राहते. म्हणून अंधारा काठ निवड. हल्ली काठाकाठाने पांढऱ्या झगझगीत दिव्यांची सोय होते. रस्त्याला उजेड हवाच. पण नदीच्या पाण्यावर तो उजेड पाडण्याचं कारण नाही, आणि ग्रामसभेत हे बोलायला हवं.

आर्द्रा लागल्या की पाणी गढूळ होतं, वाढतं. आषाढ-श्रावणात किड्यांच्या मागे जाण्यात अर्थ नाही. धामणीच्या धरणातून पाणी सुटलं की सूर्या बघता बघता चढते. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून काठ सोड. विजा कडाडत असताना हातात लांब काठी घेऊन उभं राहायचं नाही, हे माझं तुला बजावून सांगणं आहे.

हस्त लागतो 27 सप्टेंबरच्या आसपास, आणि तिथून नदीचे दिवस पुन्हा चांगले येतात. पाणी निवळतं, हळवं भात पिवळं पडतं, बांधावरचं गवत कंबरेएवढं होतं आणि त्यात नाकतोडे असतात. पहाटे ते थंडीने जड असतात, हलत नाहीत. ऊन तापलं, वारा सुटला, की उडून पाण्यावर आपटतात. म्हणून या दिवसांत भल्या पहाटे उठून उपयोग नाही, दहानंतर जा. वारा ज्या काठाकडून पाण्यावर वाहतो त्या काठाला बस. भाताची कापणी सुरू झाली की विळ्यापुढून पळणारे नाकतोडे ओहोळात पडतात. शेजारच्या शेतात कापणी चालू आहे तो दिवस गरीला सोन्यासारखा. नाकतोडा ओवून जरा आवाजाने पाण्यावर पडू दे, तो तसाच पडतो.

थंडीत आणि उन्हाळ्यात किडा शोधायला दोन जागा आहेत. पहिली, पाण्यातला दगड. वाहत्या उथळ पाण्यातला एक दगड हळूच उलटा कर. खाली चपटे, दोन-तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले दिसतील. ही आपल्याकडची मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूच्या कणांची नळी करून राहणारा दुसरा किडा सापडेल. चपट्या किड्याच्या पाठीवर पंखांच्या पिशव्या असतात. त्या काळ्या पडल्या असतील तर तो उडायच्या बेतात आहे, आणि त्या संध्याकाळी त्या पाण्यावर थांबणं योग्य. बघून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेव. खालच्या अंगाची जिवंत वस्ती वर उन्हात आली तर मरते. दुसरी जागा पुलाखालची कोळ्यांची जाळी. रात्री काय उडालं ते सकाळी जाळ्यात अडकलेलं असतं. नदीशी विचारपूस करायची तर पुलाखाली आधी जा. पाणवनस्पतीच्या देठांवर चतुराच्या रिकाम्या काती दिसल्या तर ते अलीकडेच तिथून वर चढले, आणि त्या वनस्पतींच्या मुळाशी मासे हिंडत असणार.

एप्रिल-मेमध्ये नदी डोहांत तुटते. तेव्हा तिन्हीसांजेला डोहावर डासांसारख्या, पण न चावणाऱ्या माश्यांचे थवे नाचतात. त्यांच्या लाल अळ्या तळच्या चिखलात असतात. त्याच वेळी काठावरचं उंबर, जांभूळ बघ. पिकलेलं फळ पडतं तिथेही मासा थांबलेला असतो. डहाणूच्या खाडीत मात्र हे काहीच लागू नाही, तिथे भरती-ओहोटी, उधाण आणि भांग यांचं गणित चालतं. ते खाडीवरच्या माणसाकडून शीक.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं तू पाहिली असशील. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. सगळ्या कागदावर पसरलेलं जाळं, त्याच्या भोवती माणसं, पाखरं, मुंग्या. हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं हे वारली माणसाला माहीत आहे. किडा गेला की मासा जातो. बागेत फवारलेलं औषध पहिल्या पावसात ओहोळात येतं आणि आधी दगडाखालची ती चपटी पिल्लं मारतं. औषधाची रिकामी बाटली नदीत धुणाऱ्याला तिथल्या तिथे थांबव. विष आणि सुरुंग लावून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, ती बंदी नसती तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

आता वलगणीचं, हे मुद्दाम शेवटी ठेवलं. उधई उडते त्याच दिवसांत पहिला लोंढा येतो आणि मासे उलट्या पाण्याने ओहोळांत, तिथून भाताच्या खाचरांत चढतात. शिंगटी, मरळ, वाम, खवल्यांचे बारके मासे, सगळे अंडी घालायला निघालेले. या घाईत त्यांना पकडणं सगळ्यात सोपं असतं. बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावला की टोपली भरते. आमची म्हातारी माणसं सापळा लावायची, पण पाण्याची एक बाजू मोकळी सोडायची. हल्ली ओहोळाचं तोंड पुरतं बंद करून जाळं लावतात. वर गेलेल्या माशांची पिल्लं खाचरात वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि पाणी उतरताना नदीत परत येतात. तोंड बंद झालं तर हस्तात नाकतोडा टाकून तू वाट बघशील ती कोणाची? पुढे कधी डबक्यात लालसर बारक्या पिल्लांचा पुंजका दिसला, तर त्याखाली मरळ राखणीला असते. तिला गळ टाकू नकोस. ती गेली की पुंजका त्याच दिवशी इतर माशांच्या पोटात जातो.

या मृगाला वलगण बघायला ये. खायला पुरेल एवढं घे, आणि पोट भरलेली मादी हाताला लागली तर तिला वरच्या बाजूच्या पाण्यात सोड.