लेखणीचे उत्पन्न : नांदेड-लातूरचा हिशेब

साहित्यिकाच्या कीर्तीविषयी आपल्याकडे भरभरून बोलले जाते. त्याच्या प्राप्तीविषयी मात्र संकोच पाळला जातो. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि मराठवाड्यातील लेखनाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. हे लेखन कोणत्या उत्पन्नावर उभे आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे.

मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, पुष्कळदा त्याहूनही लहान असते. दोनशे रुपये किंमत आणि दहा टक्के रॉयल्टी धरली, तर सर्व प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती वीस हजार रुपये पडतात. खपायला चार वर्षे लागली, तर महिन्याला सुमारे ४१७ रुपये! प्रकाशकाला भेटण्यासाठी नांदेडहून पुण्याला केलेल्या एक-दोन खेपांतच त्यातील बराच भाग संपतो.

याला इतिहासाचेही कारण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता व शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. मराठी वाचकवर्ग येथे उशिरा घडला. ग्रंथव्यवसाय मुंबई-पुण्याकडेच राहिला. म्हणून येथील लेखणीला आधार मिळाला तो शिक्षकाच्या वेतनाचा. नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. त्यांचा ग्रंथव्यासंग पगारावर चालला, पुस्तकांच्या विक्रीवर नव्हे.

या वेतनाची एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच श्रेणीतील शिक्षकाचे मूळ वेतन मुंबईत आणि लातुरात सारखेच असते. बदलतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. घर स्वतःचे असेल, तर लातूरच्या शिक्षकाजवळ ग्रंथखरेदीसाठी चार पैसे अधिक उरतात. मात्र ज्याला वेतनच नाही, त्या शेतकरी, शेतमजूर वा विनाअनुदानित शाळेतील लेखकाला या सोयीचा काय उपयोग?

वार्धक्यात शासनाची मानधन योजना काही अंशी उपयोगी पडते. पूर्वी ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा श्रेणींनुसार वेगवेगळी रक्कम मिळे. २०२४ साली ती सर्वांना सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आली. मुंबईत एवढ्यात खोलीचे भाडेही भागणार नाही. मुखेड किंवा औशाच्या लेखकाला, घर आपले आणि ज्वारी शेतातली असेल, तर किराणा व औषधाला तेवढाच हातभार लागतो.

आपले हक्क जाणून घेण्यात मात्र आमचे लेखक कमी पडतात. पुस्तक निघाल्याच्या आनंदात करार न वाचताच सही केली जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याकडे सोपविणे लेखीच असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांची समजली जाते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून तो मोजला जातो. कुरुंदकर १९८२ साली निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा हक्क २०४२ अखेरपर्यंत आहे.