पाच चाकं, बिल मात्र दहाचं

तुमच्या दारात एमजीबी उभी आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला तयार झालेली, छप्पर उघडणारी, दोन सीटची. तिला आता मनासारखी चाकं हवीत, आणि कुणीतरी तुम्हाला एका रिमचा भाव सांगून मोकळा झालाय. त्या भावाला पाचाने गुणा (स्टेपनी विसरू नका) आणि आलेल्या आकड्याला निम्मं बिल समजा. उरलेलं निम्मं कोणी लपवलेलं नसतं, तुम्ही विचारलेलं नसतं एवढंच.

आधी मोजा

लागतं काय? एक व्हर्नियर, एक सरळ पट्टी, एक संध्याकाळ. खर्च शून्य. जुनं चाक काढा, टायर उतरवा, रिम फरशीवर पालथी घाला. कडेवर पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्या. चारही चाकांचं घ्या, कागदावर लिहा. ही चिठ्ठी पुढच्या सगळ्या खरेदीत तुमच्या खिशात असायला हवी.

नटबोल्टवाल्या एमजीबीला चार स्टड असतात, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. स्टड अर्धा इंच, यूएनएफ आट्याचा. आपल्या बाजारात छोट्या गाड्यांच्या चार भोकांच्या ज्या अलॉय रिमा ढिगाने मिळतात, त्या बहुतेक १०० मिलिमीटरच्या. ‘भोकं जरा लांबट करून देतो साहेब, काही होत नाही’ असं जो म्हणेल त्याच्याकडचा चहा प्या आणि उठा. दोन्ही मापांना जुळवणारा अ‍ॅडॅप्टर हासुद्धा उपाय नाही, तो चाक बाहेर ढकलतो.

बाहेर ढकललेलं चाक कुठे घासेल? मागे, डावीकडे. या गाडीत डाव्या मागच्या चाकाला कमानीत जागा कमी मिळते, हे जुने एमजीवाले पहिल्याच भेटीत सांगतात. रिम पाच इंचांवरून सहा केलीत आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) तोच ठेवलात, तर चाक आत-बाहेर प्रत्येकी १२.७ मिलिमीटर वाढतं. तेवढी फट आहे का ते गाडीत दोन माणसं बसवून, डिकीत वजन टाकून बघा. रिकामी गाडी जॅकवर घेऊन घेतलेलं माप खोटं असतं.

टायरचा विचार इथेच करून टाका. १४ इंचांवर राहिलात तर १६५/८० आर १४ चालतो. स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलना लागतो तोच, म्हणजे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल. थोडा रुंद हवा तर १८५/७० आर १४. रिम साडेपाच इंचांपर्यंत ठेवली तर दोन्ही बसतात. १५ किंवा १६ इंचांचा मोह झाला तर टायर शोधण्याचा खर्च आजच हिशोबात धरा, आणि स्टेपनी डिकीत बसते का तेही बघा.

तारांची चाकं हवी असतील तर

इथे लोक सर्वात जास्त पैसे घालवतात, आणि मीही घालवले आहेत. तारांचं चाक नटबोल्टवर बसत नाही. ते दातेरी हबवर सरकतं आणि मधल्या एका मोठ्या नटाने, स्पिनरने, आवळलं जातं. हबवरचे दात झिजलेले असतील तर नव्या चाकाचे दात ते काही महिन्यांत खाऊन टाकतात. माझ्या गाडीला मी नव्या पाच रिमा लावल्या, हब जुनेच ठेवले. मिस्त्री म्हणाला, ‘अजून दोन वर्षं काढतील.’ पुढच्या पावसाळ्याआधी रिव्हर्स टाकताना मागून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. चाक उतरवलं तर ग्रीसमध्ये गंजासारखा तांबूस चुरा, आणि नव्या चाकाचे दात करवतीसारखे टोकदार झालेले. चांगल्या दाताचा माथा सपाट असतो. टोक आलं म्हणजे तो संपला.

तपासणी फुकट आहे. चाक जॅकवर उचला, एकाला ब्रेक दाबून बसवा, तुम्ही चाक पुढे-मागे हलवा. हललं, टकटकलं, की हबही बदलायचे. म्हणून कोटेशन मागताना ‘पाच रिमा, चार हब, चार स्पिनर, पाच ट्यूब, पाच रिमटेप’ असं सगळं एकत्र मागा. तारांच्या निपल रिमच्या आरपार येतात, त्यामुळे साध्या तारांच्या चाकात ट्यूब आणि तिच्याखाली रबरी पट्टी, म्हणजे रिमटेप, लागतेच. ट्यूबलेस टायर घातलात तरीही. टायरच्या आतल्या बाजूचे कागदी स्टिकर खरवडून काढा, नाहीतर घासून घासून ट्यूबला भोक पडतं. ट्यूबशिवाय चालणारी, सील केलेली तारांची चाकं मिळतात, ती महाग.

हबांच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात ठेवा: डावा तो डावा, उजवा तो उजवा. डाव्या बाजूला सरळ आटे, उजवीकडे उलटे. अदलाबदल झाली तर गाडी चालता चालता स्पिनर स्वतःच सैल होतो. खोक्यावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका, स्वतः फिरवून बघा.

तुमची गाडी मुळात नटबोल्टची असेल तर आणखी एक खाच आहे. मागच्या लोखंडी नळीच्या अ‍ॅक्सलची तारांच्या गाडीतली आवृत्ती अरुंद असते. रुंद अ‍ॅक्सलवर दातेरी हब चढवले की चाकं बाहेर येतात आणि पुन्हा तीच कमान घासते. अशा गाडीला तारांची चाकं म्हणजे अ‍ॅक्सलचा खर्च. परवडत नसेल तर अलॉयकडे वळा.

तयार माल मागवणं

आठ आऱ्यांची, मिनीलाइट धाटणीची अलॉय चाकं या गाडीला शोभतात आणि ब्रिटनमध्ये तयार मिळतात. तिथल्या किमतीत बहुधा २० टक्के व्हॅट धरलेला असतो, तो निर्यातीवर लागत नाही. ‘व्हॅट वगळून भारतात पाठवण्याचा भाव’ असं स्पष्ट लिहून मागा. २४० पौंडांची रिम तिथेच २०० वर येते.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पाच रिमा प्रत्येकी २०० पौंड, म्हणजे १,०००. विमान-कुरियर आणि विमा ३००. पौंड ११५ रुपयांना धरला तर १,४९,५०० रुपये. जकात नुसत्या रिमच्या किमतीवर नाही, भाडं-विमा धरून बसते; इथे ही पूर्ण रक्कम धरली आहे. मूळ जकात १५ टक्के, म्हणजे २२,४२५. तिच्यावर १० टक्के अधिभार, २,२४३. या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, ३१,३५०. एकूण कर सुमारे ५६,००० रुपये. म्हणजे जी चाकं तुम्ही १,१५,००० रुपयांची समजत होतात ती दारात २,०५,५०० रुपयांना पडली, आणि अजून टायर चढायचाय. दर अधिसूचनेनुसार बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून त्या आठवड्याचा दर लेखी घ्या.

यात न धरलेलं: कार्डाने पैसे भरलेत तर बँकेचा परकीय चलनाचा आकार, कुरियरची क्लिअरन्स फी, आणि कागद उशिरा दिलेत तर गोदामभाडं. केवायसीसाठी आधार, पॅन, विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा आधीच स्कॅन करून ठेवा. बिलावर किंमत कमी दाखवतो, असं विक्रेता प्रेमाने सुचवेल. नाही म्हणा. माल अडकला तर तुमचा अडकतो, आणि वाटेत फुटला तर विमा त्या कमी किमतीचाच मिळतो.

कुरियर नुसत्या वजनावर नाही, खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे घेतो. ४५ बाय ४५ बाय २५ सेंटिमीटरचं खोकं ५,००० ने भागलं की सुमारे १० किलो धरलं जातं. आतली रिम असते सात किलोची. घट्ट पॅकिंग मागा.

स्वतःच्या डिझाइनची बनवून घेणं

तुमच्या डोक्यातलं चाक बाजारात नाहीच, तर ते इथे बनवता येईल का? येईल. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सीएनसीवर जॉबवर्क करणाऱ्यांची वाण नाही. प्रश्न मशीनचा नाही, मालाचा आणि चाचणीचा आहे.

ओतीव चाक करून घेण्याचा विचार पहिल्यांदा सुचतो. कोल्हापूर जवळ, फाउंड्र्या भरपूर. पण तिथलं बळ लोखंडाच्या कास्टिंगमध्ये आहे, आणि पाच नगांसाठी वाळूत ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये आतली हवेची छिद्रं एक्स-रेशिवाय दिसत नाहीत. पॅटर्नचा खर्च वेगळा, उष्णतोपचाराचा वेगळा, एक्स-रेचा वेगळा. पाच चाकांसाठी हे सोडून द्या.

उरतं ते ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियममधून कोरून काढणं. इथे शब्दांचा खेळ चालतो. ‘बिलेट’ म्हणजे कापलेला ठोकळा, ‘फोर्ज्ड’ म्हणजे दाबून घडवलेला. दोन्ही एक असल्यासारखं सांगितलं जातं, पण फोर्ज केलेल्या मालात धातूची कणरचना आकाराबरोबर वळते आणि चाक अधिक सोसतं. बिलावर कोणता शब्द आहे ते बघा. मालाचं मिल सर्टिफिकेट मागा, आणि त्यावरचा हीट नंबर ठोकळ्यावर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. त्यासाठी कारखान्यात एकदा जायलाच हवं.

१४ बाय साडेपाचच्या चाकासाठी ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि १६ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा लागला तर त्याचं वजन भरतं सुमारे ५४ किलो. चाक निघतं सात किलोचं. बाकीचे ४७ किलो मशीनखाली चिप्स होऊन पडतात, आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. पाच चाकांचे मिळून २३५ किलो. चिप्स कोणाच्या, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, किंवा त्यांचा भाव मजुरीतून वजा करायला लावा. हे विचारलं की समोरचा तुमच्याकडे नव्या नजरेने बघतो, आणि बाकीचा भावही थोडा खाली येतो.

ड्रॉइंगची फी एकदाच द्यायची असते. ड्रॉइंगची फाइल तुमची राहील हे ठरवा, नाहीतर दोन वर्षांनी एक रिम वाकली तर त्याच दुकानात त्याच्या भावाने जावं लागेल. ड्रॉइंगवर काय हवं: व्यास, रुंदी, ऑफसेट, स्टडचं वर्तुळ, मधलं भोक, नटाची बैठक शंकूची की सपाट, व्हॉल्व्हचं भोक, ब्रेक कॅलिपरपासूनची फट, आणि लोड रेटिंग. गाडी भरून साधारण सव्वा टन होते. प्रत्येक चाकाला ५०० किलो लिहून घ्या. नटाची बैठक बदलली की नटही नवे लागतात, तेही कोटेशनमध्ये धरा.

धातू कापण्याआधी प्लायवुडचं किंवा थ्रीडी प्रिंटचं डमी चाक बसवून बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. मग एकच चाक बनवून घ्या, गाडीवर लावा, आणि तेव्हाच उरलेल्या चारांची ऑर्डर द्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त नको.

आता चाचणी. कॉम्प्युटरवरचं रंगीत चित्र दाखवून ‘एफईए (ताणाचं संगणकी विश्लेषण) केलंय’ म्हणतील. ते गणित झालं, चाचणी नव्हे. अलॉय चाकांसाठी आपल्याकडे एआयएस-०७३ हे मानक आहे. वळणावरचा थकवा, सरळ भाराचा थकवा आणि धक्का, अशा चाचण्या त्यात आहेत, आणि पुण्यात एआरएआयसारखी प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहे. पण चाचणीला गेलेलं चाक परत गाडीला लागत नाही. पाच चाकांसाठी आठ-नऊ बनवावी लागतात, वर प्रयोगशाळेची फी. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: संपूर्ण नवं चाक काढू नका. ज्या उत्पादकाकडे याच मापाचं, याच भाराचं चाचणी झालेलं चाक आहे, त्याच्याकडून तेच घ्या, आणि आपली हौस रंगात, मधल्या टोपीत, नटांत भागवा. पावडर कोटिंगचे एका रिमला दीड ते तीन हजार रुपये लागतात. टोपी टर्नरकडे हवी तशी होते. आरे बारीक करण्याचा हट्ट मात्र धरू नका.

कागद

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर गेली असेल तर व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. नोंदणीत उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. कलम १८२ए प्रमाणे बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मूळ मापाजवळ राहा, चाक मडगार्डबाहेर डोकावू देऊ नका. विमा कंपनीला नवी चाकं लेखी कळवा आणि पोच घ्या. जुनी चाकं विकू नका. व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत मूळपणाला गुण असतात, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच विचारतं.

किती दिवस? तयार माल दीड-दोन महिने. बनवून घ्यायचा तर चार-पाच महिने धरा, त्यात दिवाळीत कारखाने बंद. जानेवारीच्या रॅलीला चाकं हवी असतील तर मोजमापाची चिठ्ठी पावसाळ्यातच तयार हवी.

चाकं बसली की नट ६० ते ६५ फूट-पौंडांवर टॉर्क रेंचने आवळा, हवेच्या बंदुकीने नव्हे. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. तारांची असतील तर स्पिनर तांब्याच्या हातोड्याने ठोका, आणि तो हातोडा सीटमागेच राहू द्या.