जखमेनंतरची दृष्टी आणि कॉन्टॅक्ट लेन्स

विटी लागते, फटाका तोंडावर उडतो, उसाच्या पात्याचा फटकारा बसतो. जखम भरून येते, लाली जाते. पण बुबुळावर फूल राहते. मग चष्म्याचा नंबर काढून पाहतात, एकही काच लागू पडत नाही, आणि घरची मंडळी ‘तो डोळा गेला’ असे धरून चालतात. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, शाबूत असून केवळ पुढचे पारदर्शक पारपटल वेडेवाकडे झालेले असू शकते.

चष्म्याची काच नियमित आकाराची असते. पारपटलावरचे उंचवटे व खळगे तिला भरून काढता येत नाहीत. कडक कॉन्टॅक्ट लेन्सचे तसे नाही. ती बसविली की तिच्या व पारपटलाच्या मध्ये अश्रूंचा थर साचतो आणि खळगे भरले जातात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. हवेचा वक्रीभवनांक १, अश्रूंचा सुमारे १.३३६, पारपटलाचा १.३७६. हवेशी असलेला फरक ०.३७६, तर अश्रूंशी केवळ ०.०४. म्हणजे पुढच्या पृष्ठभागाचा सुमारे नऊ-दशांश दोष नाहीसा होतो! प्रकाशाला आता लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभागच भेटतो. साधी मऊ लेन्स घालायला सुखाची खरी, पण ती खालच्या उंचसखल भागाचाच आकार घेते; म्हणून या कामी ती फारशी चालत नाही. पारपटल फारच ओबडधोबड असेल तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स देतात. ही कल्पना नवी नव्हे. झुरिचच्या अडॉल्फ फिक यांनी १८८८ साली काचेच्या अशाच मोठ्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

लेन्सचा उपयोग होईल की नाही, याचा अंदाज एका साध्या युक्तीने येतो. पुठ्ठ्याला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून तक्ता वाचावयास सांगतात. अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष प्रकाश वळण्याचा आहे, म्हणजे आशा आहे. फूल दाट व नेमके मध्यभागी असेल, किंवा दृष्टिपटलास अथवा नेत्रमज्जेस इजा झाली असेल, तर लेन्स काय करणार?

माराने मोतीबिंदू होऊन एका डोळ्याचे नैसर्गिक भिंग काढावे लागले, तर अडचण निराळी. आज बहुधा आत कृत्रिम भिंग बसवितात. पण जखमी डोळ्यात ते नेहमीच शक्य नसते. जाड चष्म्यातून त्या डोळ्याची प्रतिमा सुमारे पाव पट मोठी दिसते आणि मेंदूला दोन प्रतिमा जुळविता येत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्सने ही वाढ दहा टक्क्यांच्या आत येते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र दिरंगाई परवडत नाही, कारण न वापरलेला डोळा आळशी बनतो आणि पुढे लेन्स देऊनही पाहावयास शिकत नाही.

लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर ती तत्काळ काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास दाखवावे. एकदा व्रण पडलेल्या पारपटलास दुसरा व्रण सोसत नाही.