हाताचा ठसा घ्या, पण प्लॅस्टरमध्ये हात घालू नका

गणेशोत्सव जवळ आला की काळाचौकी, लालबाग, परळ भागात मूर्तिकारांच्या कार्यशाळा गजबजतात. शाळेला जाता-येता मुले तिथे रेंगाळतात आणि कार्यानुभवाच्या तासाला 'आपणही काहीतरी बनवू या' म्हणून बाईंच्या मागे लागतात. पाचवी ते आठवीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू घडवाव्यात, हे उत्तमच. मात्र या कामातल्या एका पदार्थाविषयी पालक व शिक्षक बरेचदा बेसावध असतात. तो म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस.

प्लॅस्टर का तापते?

जिप्सम हे खनिज साधारण 150 अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते व पांढरी भुकटी उरते. ही भुकटी भिजवली की गेलेले पाणी परत शोषून घेते, घट्ट होते आणि त्या वेळी उष्णता बाहेर टाकते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते. बादलीभर प्लॅस्टरमधली मात्र आतच कोंडते व तापमान 60 अंशांपर्यंत चढू शकते. एवढ्या उष्णतेने त्वचा काही सेकंदांत भाजते. गोम अशी की, नुकतेच कालवलेले प्लॅस्टर हाताला गार लागते. ते तापते तेव्हा घट्टही झालेले असते आणि आतला हात निघत नाही.

2007 साली इंग्लंडमध्ये बोस्टन गावाजवळच्या एका शाळेत कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने हातांचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लॅस्टरच्या बादलीत घातले. भाजणे इतके खोल होते की शस्त्रक्रियांनंतर तिची दोनच बोटे शिल्लक राहिली. 2009 मध्ये न्यायालयाने शाळेला दंड केला. पण बोटे काही परत आली नाहीत.

'हाड मोडले की डॉक्टर हातालाच प्लॅस्टर घालतात ना?' असे कोणी विचारील. तिथे आधी कापूस गुंडाळतात, थर पातळ असतात आणि ओले प्लॅस्टर उघडे ठेवतात. म्हणूनच ओल्या प्लॅस्टरवर शाल-चादर पांघरू नये, असे आम्ही रुग्णाला बजावतो.

मग ठसा कसा घ्यावा?

1. शाडूची माती मळून दोन बोटे जाडीची थापी करा. शाडू वाळताना तापत नाही.
2. मुलाने पंजा त्यावर दाबून उचलावा. हात लगेच धुवावा.
3. उमटलेल्या खळग्यात पातळ कालवलेले प्लॅस्टर ओतावे. हे काम शिक्षकांनी हातमोजे घालून करावे.
4. तासाभराने माती सोडवली की पंजा तयार. माती भिजवून पुन्हा वापरता येते.

भुकटी कालवताना पंखा बंद ठेवावा व नाका-तोंडाला रुमाल बांधावा. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नये. ते नळीत घट्ट बसते.

भाजल्यास काय करावे?

प्लॅस्टर ताबडतोब दूर करा. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्या. कातडी पांढरट पडली असेल आणि मूल 'दुखत नाही' म्हणत असेल, तर निर्धास्त होऊ नका. खोल भाजल्याची ती खूण आहे. थेट रुग्णालय गाठा. डोळ्यात भुकटी गेल्यास डोळा न चोळता पंधरा मिनिटे पाण्याने धुवावा.

सारांश, मुलांना मातीत हात घालू द्या, मनसोक्त घालू द्या. प्लॅस्टरमध्ये मात्र बोटही नको.