पुस्तक मिटल्यावर काय उरते?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक बहीण मला भेटायला ऑफिसात आली. तिचे पती जहाजावर नोकरीला असतात, वर्षातले आठ-नऊ महिने घराबाहेर. तिच्या पिशवीत परदेशातल्या नणंदेने पाठवलेल्या पाच-सहा इंग्रजी कादंबऱ्या होत्या. ती म्हणाली, "फादर, ह्यांत वाईट असं काही नाही. नायक-नायिका प्रार्थना करतात, बायबल वाचतात. पण पुस्तक वाचून झालं की ह्यांचा फोन आला तरी बोलावंसं वाटत नाही. हे वाचणं पाप आहे का?" तिच्या परवानगीने तिचा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवत आहे.

उत्तर देण्याआधी मी त्यांतली एक कादंबरी मागून घेतली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला थोडा अहंकार असतोच. वाटले, दहा पानांत कंटाळा येईल. प्रत्यक्षात रात्री साडेबारापर्यंत माझ्या खोलीतला दिवा जळत होता.

ह्या कथा कुठून आल्या?

श्रद्धा, प्रेम आणि जुना काळ एकत्र गुंफण्याची रीत आजची नाही. १८५४ साली कार्डिनल वाइजमन यांनी 'फॅबिओला' ही रोममधील छळाच्या काळातील कादंबरी लिहिली. पोलंडचे कॅथलिक लेखक सिएन्किएविच यांची 'क्वो वादिस' १८९६ साली पुस्तकरूपाने आली. सम्राट नीरोच्या काळातील रोमन तरुण विनिसियस आणि ख्रिस्ती तरुणी लिगिया यांची ती कथा. ह्या लेखकाला १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी ह्या ख्रिस्ती लेखकाचीच. ती ऐतिहासिक नव्हे, आपल्याच काळातील विधवांच्या दुःखाविषयी होती. पण पती-पत्नीचे प्रेम आणि श्रद्धेचा शोध तिच्यातही आहे.

आज आपल्या घरी येतात त्या कादंबऱ्या बहुतेक अमेरिका-कॅनडातील इव्हँजेलिकल लेखिकांच्या. जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) ही त्यांतली सुरुवातीची. प्रवासात नवरा गमावलेली गरोदर मार्टी, लहान मुलीला आई हवी म्हणून लग्नाचे विचारणारा क्लार्क, आणि निरुपायाने झालेल्या त्या लग्नात हळूहळू रुजणारे प्रेम. फ्रान्सिन रिव्हर्स यांनी १९९१ साली 'रिडीमिंग लव्ह' लिहिली. होशेय संदेष्ट्याची कथा त्यांनी कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या दिवसांत नेऊन ठेवली.

मन का रमते?

पहिले कारण साधे आहे. ही पुस्तके टेबलावर उघडी ठेवता येतात, मुलीने उचलले तरी आईला संकोच वाटत नाही. दुसरे, जुना काळ. पत्राची महिनोन् महिने वाट पाहणारी माणसे पाहून आपल्या धावपळीच्या मनाला विसावा मिळतो. तिसरे, देव तिथे चुलीपाशी आणि शेतात भेटतो, आणि शेवट गोड होणार ही खात्री असते.

परंतु सर्वांत मोठे कारण मला वेगळे वाटते: ह्या कथांतला नायक ऐकतो. तो बायकोचे म्हणणे मध्येच तोडत नाही. आपली चूक कबूल करतो. तिच्यासाठी गुडघे टेकतो. माझ्या बंधूंनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे. विरार लोकलच्या गर्दीतून सुटून आपण मीरा रोडला किंवा भाईंदरला उतरतो, थकून घरी येतो, जेवतो आणि मोबाईल हातात घेतो. बायको काहीतरी सांगत असते, आपण मान न उचलता "हं" म्हणतो. मग ऐकणारा माणूस तिला पुस्तकात सापडला तर नवल ते काय? ती भूक वाईट नाही. ती देवानेच दिलेली आहे.

दोन संतांचा अनुभव

मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून संत इग्नेशियस लोयोला जखमी झाले. अंथरुणावर वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली ती प्रभू ख्रिस्ताच्या चरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तके. ते कधी एका उच्च कुळातील स्त्रीची स्वप्ने रंगवीत तासन् तास पडून राहत, तर कधी संतांसारखे जगण्याचा विचार करीत. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक नंतर कळे. पहिला विचार ओसरला की मन कोरडे आणि उदास होई. दुसरा ओसरला तरी आनंद टिकून राही. अंतरातील प्रेरणा पारखण्याची त्यांची शिकवण ह्याच अनुभवातून सुरू झाली.

आविलाची संत तेरेजा लहानपणी अशाच कथा वडिलांपासून लपवून रात्रंदिवस वाचत असे. नवे पुस्तक हाती नसले की तिला चैन पडत नसे. पुढे आत्मचरित्रात तिने ह्याविषयी खंत व्यक्त केली आहे. वाचनाने आपले रोजचे कर्तव्य आणि रोजची माणसे फिकी केली, तर ती धोक्याची खूण आहे.

म्हणून वाचताना गोड वाटते का, एवढेच विचारू नका. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरले, ते विचारा.

आपल्या मातीतली एक खरी कहाणी

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झाली. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे पती-पत्नी दूर राहिली. नंतर त्या परत आल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट पंथाचे होते, पण त्यांचा संसार आपल्यालाही पुष्कळ शिकवतो.

ह्या पुस्तकातला नवरा कादंबरीतला नायक नव्हे. तो तापट आहे, विसरभोळा आहे, पैशांच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. लक्ष्मीबाई हे लपवीत नाहीत. त्या रागावतात, रडतात, हसतात. आणि तरीही पानोपानी प्रेम आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्याला टिळकांसारखा नवरा हवासा वाटत नाही. आपल्याच घरातल्या माणसाकडे जरा मायेने पाहावेसे वाटते.

पवित्र बायबलमधील रूथचा ग्रंथही असाच आहे, जेमतेम ४ अध्यायांचा. रूथच्या मनात काय चालले होते, हे तो फारसे सांगत नाही. ती सासूला सोडत नाही, शेतात सरवा वेचते, बवाज तिचा मान राखतो. अशा साध्या कृत्यांतून दावीद राजाच्या घराण्याची कथा पुढे सरकते.

मग करायचे काय?

त्या बहिणीला मी सांगितले, "वाचणे पाप नाही." दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्यवाचनाविषयी खास पत्र लिहून ख्रिस्ती माणसाच्या जडणघडणीत कथा-कवितांचे मोल सांगितले आहे. तेव्हा वाचा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ह्या कादंबऱ्यांत पुष्कळदा नायक श्रद्धावान होताच लग्न होते आणि कथा संपते. आपल्या श्रद्धेनुसार विवाह हा साक्रामेंत आहे, आणि त्याची कृपा लग्नाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी सुरू होते. आजारपण, घराचे हप्ते, रुसवेफुगवे ह्या सगळ्यांत ती पुरवावी लागते आणि पुरते. दुसरे म्हणजे, नायकाला लेखिकेने घडवले आहे. तुमच्या पतीला देव अजून घडवीत आहे, आणि तुम्हालाही.

शेवटी मी तिला म्हटले, "पुढच्या फोनवर त्यांना ही गोष्टच सांग. तुला तिच्यात काय आवडले, तेही सांग." ती म्हणाली, "फादर, ते हसतील." मी म्हटले, "हसू दे. निदान बोलणे तरी सुरू होईल."

घरी व लघु ख्रिस्ती समूहात चिंतनासाठी

१. मी अलीकडे वाचलेल्या किंवा पाहिलेल्या कथेने माझ्या मनात काय मागे ठेवले: समाधान की कुरकुर?
२. माझ्या जोडीदाराचे म्हणणे मी शेवटचे पूर्ण कधी ऐकले?
३. आई-वडिलांच्या संसाराची कोणती खरी गोष्ट आपण मुलांना सांगू शकतो?

हे प्रभो, काना येथील लग्नघरी तू पाहुणा होतास. आमच्या घरीही ये. आम्हांला एकमेकांचे ऐकायला शिकव. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू