डॉलरचा बट्टा

चेन्नईच्या दक्षिण भागात पेरुंगुडी ही वस्ती आहे. राजीव गांधी सालै या रुंद रस्त्याच्या कडेने येथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत; पलीकडे पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन पसरली आहे. नोकरीनिमित्त येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात सहज घडावा, असा हा प्रसंग.

मे महिन्यात आईबाबांना श्रीलंका दाखवावी, असे मुलाने ठरवले. कँडीतील एका घराचे चार रात्रींचे भाडे संकेतस्थळावर ४०० डॉलर दिसत होते. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा भाव ८५ रुपये धरू. म्हणजे ३४,००० रुपये झाले. बाबांनी वहीत तेवढीच रक्कम लिहिली. महिनाअखेरीस कार्डाचे विवरणपत्र आले, त्यात मात्र ३६,१२१ रुपये २६ पैसे वजा झालेले होते.

"अरे, हे वरचे दोन हजार कसले?"

"बँकेचं काहीतरी असेल, बाबा."

आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला हे उत्तर पटणारे नव्हते. त्यांनी मुलाला शेजारी बसवून एकेक आकडा तपासायला घेतला.

पैसे भरताना पडद्यावर एक प्रश्न आला होता : रक्कम डॉलरमध्ये द्यायची की रुपयांत? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून मुलाने रुपये निवडले. खरी मेख येथेच होती. असा पर्याय निवडला की डॉलरचे रुपये करण्याचे काम ग्राहकाच्या बँकेकडे न राहता विक्रेत्याच्या बाजूकडे जाते आणि दरही तीच बाजू ठरवते. या व्यवहारात तो दर ५ टक्के चढा, म्हणजे ८९ रुपये २५ पैसे होता. ३४,००० चे ३५,७०० झाले. शिवाय विक्रेता परदेशात नोंदलेला असल्यामुळे, रक्कम रुपयांत असूनही, बँकेने १ टक्का शुल्क घेतले : ३५७ रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ६४ रुपये २६ पैसे.

डॉलर निवडले असते तर? अनेक भारतीय कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला दोन ते साडेतीन टक्के शुल्क असते. साडेतीन टक्के धरले तरी १,१९० रुपये आणि त्यावरील कर २१४ रुपये २० पैसे. एकूण ३५,४०४ रुपये २० पैसे. म्हणजे परका वाटणारा पर्यायच सुमारे ७१७ रुपयांनी स्वस्त होता.

बाबा म्हणाले, "हा तर बट्टा!" शब्द नेमका होता. मराठी मुलखात पूर्वी अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत, तर दक्षिणेत होन आणि फनम. एक नाणे देऊन दुसरे घेताना सराफ जी कसर कापून घेई, तिला बट्टा म्हणत. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला आणि सराफांचा हा व्यवसाय आटत गेला. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार तेवढा मागे उरला. सराफाशी निदान घासाघीस करता येई. पडद्याशी ती कशी करणार?

तक्रारीला मात्र फारसा आधार नव्हता. छुपे आकार हळूहळू उघड करण्यासारख्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्रतिबंध केला आहे. पण येथे दर बारीक अक्षरांत का होईना, पैसे भरण्यापूर्वी दाखवला होता आणि बँकेचे शुल्क तिच्या दरपत्रकात होते. न दाखवलेली रक्कम कापली गेली असती, तर बँकेकडे लेखी तक्रार करता आली असती आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता आली असती.

दिवाळीत तारकर्लीला जायचे ठरले. घर मालवण तालुक्यातले, भाडे रुपयांत. तरी संकेतस्थळाची कंपनी परदेशी नोंदणीची निघाली. काही बँका अशा व्यवहारावरही तो एक टक्का आकारतात, हे आता घरात सर्वांना ठाऊक होते. बाबांनी घरमालकांचा क्रमांक शोधला आणि थेट फोन लावला.

पाठगत प्रश्न
१. भाडे २५० डॉलर असते, तर दोन्ही पर्यायांत किती रुपये पडले असते? वरील दरांनी हिशेब करा.
२. 'बट्टा' हा शब्द पाठात कोणकोणत्या अर्थांनी आला आहे, ते लिहा.