पॉवर स्टिअरिंगमधील एअर घरी कशी काढावी?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, माल नेणारा टेम्पो किंवा पिकअप हा आपल्या दुकानाचाच भाग आहे. सावेडीहून कापडाचे गठ्ठे भरून पाथर्डीकडे निघालेल्या गाडीला करंजी घाट लागतो. तेथे वळणावर स्टिअरिंग अडखळले तर माल आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात. म्हणून पुढील माहिती प्रत्येक मालकाला असावी.

तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये पंप तेल दाबाने पाठवतो व चाके वळवण्यास मदत करतो. तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. तेलात हवा शिरली की जोर पुरता पोचत नाही. वळवताना कण्हल्यासारखा आवाज, झटके आणि टाकीतील तेलावर ताकासारखा फेस, ही त्याची लक्षणे होत. (अनेक नव्या मोटारींत स्टिअरिंग विजेवर चालते. त्यात तेल नसल्याने हा उपाय त्यांना लागू नाही.)

कृती अशी :

१) रिकामी गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. इंजिन थंड असावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढची चाके जॅकने उचलून खाली भक्कम घोड्या द्याव्यात. केवळ जॅकवर विसंबू नये.

२) गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे. ब्रेक ऑइल कदापि घालू नये, त्याने सील खराब होतात.

३) इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवावे. दुसऱ्याने टाकीवर नजर ठेवावी व तेल उतरेल तसे भरत राहावे. टाकी रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते.

४) बुडबुडे थांबल्यावर इंजिन मंद चालू करून तसेच काही वेळा फिरवावे. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप तापतो. बाही, रुमाल, ओढणी पट्ट्यापासून दूर ठेवावी.

५) फेस राहिला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे व पुन्हा करावे. शेवटी चाके खाली टेकवून तेल तपासावे.

काही ट्रकांना एअर काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. तेथे पुस्तिकेप्रमाणेच वागावे.

मात्र हवा आपोआप शिरत नाही. तेल गळत असेल, पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप सैल असेल किंवा नळीला चीर असेल, तर काढलेली हवा परत येणारच. तेल वारंवार उतरत असेल, तर गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

ड्रायव्हर "स्टिअरिंग जड लागते" म्हणाला, तर "आजची फेरी करून ये" असे सांगू नये. गठ्ठ्यांचे नुकसान भरून निघेल. ड्रायव्हरचा जीव ही त्याच्या घरच्यांनी आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.